‘काम केलं की खांदा सुटेल’ म्हणे!

पाठीवर हात जात नाही. वेणी घालता येत नाही. रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. पन्नाशीतली बाई हे सांगते, तेव्हा घरचे म्हणतात, ‘वय झालं. काम करत राहा, खांदा सुटेल.’

मैत्रिणींनो, हा आजार आहे, आळस नव्हे. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजून जाड होतं, आक्रसतं. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात तो हाच. ४० ते ६० या वयात, पुरुषांपेक्षा बायकांना तो अधिक होतो. मधुमेह असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून गोळी देऊन बाईची बोळवण नको, तिची साखरही तपासा.

बहुतेकींचा खांदा सुटतो, पण त्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. तोवर सोसायचं का? सुरुवातीच्या दुखऱ्या काळात सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलं तर काही आठवडे वेदना कमी होते आणि व्यायाम जमतो. (मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, लक्ष ठेवावं.) वेदनाशामक गोळ्या, शेक, सोसवेल इतपत व्यायाम हेही उपाय आहेत. शस्त्रक्रिया अगदी शेवटी.

पण भरलेली बादली उचलणं म्हणजे व्यायाम नव्हे! व्यायामाला रोजची मोकळी वेळ लागते, आणि तीच बाईला कुणी देत नाही. रोजंदारीवरची बाई मजुरी बुडवून फिजिओथेरपीला किती खेपा घालणार? सरकारी दवाखान्यात ही सोय संध्याकाळीही हवी. आणि घरातली बादली पुरुषाने उचलावी. आजपासून!