"त्यांच्या कल्चरमध्येच आहे ते!"

आमच्या धंद्यात एक फार सोयीचं उत्तर आहे. प्रॉडक्शनमध्ये काहीतरी बंद पडतं, दोन तास लॉग चाळून कारण सापडत नाही, आणि मग ते आपोआप सुरू होतं. अशा वेळी तिकिटावर 'नेटवर्क इश्यू' असं लिहायचं आणि मोकळं व्हायचं. कुणी उलट विचारत नाही, कारण नेटवर्क कुणाच्याच बापाचं नसतं. माणसांच्या बाबतीत हेच काम 'कल्चर' हा शब्द करतो.

परवा जेवताना अमेरिकेतल्या लॅटिनो कुटुंबांमधल्या मारहाणीचा विषय निघाला. टेबलावरचे दोघं-तिघं ऑनसाईट राहून आलेले, मीसुद्धा दीड वर्षं टेक्सासमध्ये काढलेली. एक जण म्हणाला, "अरे, त्यांच्या कल्चरमध्येच आहे ते. माचो लोक!" सगळ्यांनी माना डोलावल्या आणि गाडी क्रिकेटकडे वळली. मला मात्र ते उत्तर काही पचलं नाही. शनिवार सगळा त्यावर वाचण्यात गेला, त्यातून जे डोक्यात आलं ते लिहितोय.

आधी त्या मित्राची बाजू घेऊ. तो अगदीच चुकीचं बोलत नव्हता. 'माचिस्मो' हा शब्द जगाला दिला तो स्पॅनिश भाषेनेच. घरात शब्द पुरुषाचा, मान पुरुषाचा आणि तो मान राखायची जबाबदारी मात्र बाईची. याची दुसरी बाजू म्हणजे 'मारियानिस्मो'. एव्हलिन स्टीव्हन्स नावाच्या अभ्यासक बाईंनी १९७३ साली या शब्दावर एक निबंध लिहिला. बाईने कुमारी मेरीसारखं असावं, पवित्र, सोशिक, सगळ्यांसाठी झिजणारी. स्पॅनिशमध्ये 'आग्वांतार' असं एक क्रियापद आहे, म्हणजे सोसणं, तग धरणं. आई मुलीला सांगते, सोस. आणखी एक म्हण आहे, तिचा अर्थ साधारण असा की घरातले मळके कपडे घरातच धुवावेत.

ओळखीचं वाटतंय ना? 'पदरी पडलं आणि पवित्र झालं', 'झाकली मूठ सव्वा लाखाची', 'दिल्या घरी सुखी राहा'.. आपल्याकडेही या दुकानात माल कमी नाही. तेव्हा नुसत्या म्हणींवरून कुणाचं कल्चर ठरवायचं तर आपणही त्याच रांगेत उभे राहू.

आता आकडे बघू. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी संस्थेने २०१० साली एक मोठा सर्व्हे केला. जोडीदाराकडून बलात्कार, मारहाण किंवा पाठलाग, यातलं काहीतरी आयुष्यात कधी ना कधी सोसलेल्या बायकांचं प्रमाण त्यात मोजलं. हिस्पॅनिक बायकांमध्ये ते ३७.१ टक्के निघालं. भयंकर आहे, वादच नाही. पण गोऱ्या बायकांमध्ये किती? ३४.६ टक्के! म्हणजे फरक जेमतेम अडीच टक्क्यांचा. मग उरलेल्या चौतीस टक्क्यांना कुठलं कल्चर जबाबदार? गोऱ्या माणसाने बायकोला मारलं की तो दारुडा असतो, डोक्याने बिघडलेला असतो, त्याची नोकरी गेलेली असते. लॅटिनो माणसाने मारलं की त्याचं कल्चर असतं.

याहून बोलका आकडा जुना आहे. लॉस एंजेलिसमधल्या लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला एक अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध झाला. जोडीदारावर हात उचलण्याचं प्रमाण मेक्सिकोत जन्मून अमेरिकेत आलेल्यांमध्ये साधारण २० टक्के, गोऱ्यांमध्ये २१-२२ टक्के, आणि अमेरिकेतच जन्मलेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये सुमारे ३१ टक्के होतं. आता बघा, माचिस्मो हा जर मेक्सिकोहून बॅगेत भरून आणलेला माल असेल, तर जो नुकता उतरला त्याच्याकडे तो सगळ्यात जास्त सापडायला हवा. इथे उलटंच दिसतं. एका अभ्यासावरून सगळं सिद्ध होत नाही हे मान्य. पण 'कल्चर' हे उत्तर डोळे झाकून लिहून टाकता येत नाही, एवढं तर नक्की.

बरं, हे कल्चर एकच एक आणि कायमचं असतं का? टेक्सासचे लोकसाहित्याचे अभ्यासक अमेरिको पारेदेस यांनी १९७१ साली दाखवून दिलं की मेक्सिकोच्या लोकगीतांमध्ये 'माचिस्मो' हा शब्द १९४० च्या आधी जवळजवळ नाहीच. पियेरेत ओन्दान्यू-सोतेलो या समाजशास्त्रज्ञ बाईंचं १९९४ सालचं पुस्तक कॅलिफोर्नियातल्या मेक्सिकन वस्तीबद्दल आहे. त्यांना दिसलं की जे पुरुष बायकोला गावी ठेवून वर्षानुवर्षं एकटे राहिले, ते पुरुषांच्या खोल्यांमध्ये स्वयंपाक शिकले, धुणं शिकले. पुढे बायका आल्यावर अशा बऱ्याच घरांत कामाची वाटणी आधीपेक्षा बरी झाली. म्हणजे बापजाद्यांचं 'कल्चर' एका गॅसच्या शेगडीपुढे वाकलं की!

मग खरं कारण काय? एकच नाही, आणि दारू, तंगी, दोन-दोन शिफ्टचा थकवा हे सगळीकडे असतं तसं इथेही आहे. कधी उलटंही होतं. बाईला घरं साफ करायची कामं पटकन मिळतात, नवरा मात्र रोजंदारीसाठी रस्त्याच्या कडेला उभा राहतो, आणि त्याचा अहंकार दुखावतो. पण वाचता वाचता मला वाटायला लागलं की आपण प्रश्नच चुकीचा विचारतोय. 'तो मारतो का?' याची उत्तरं जगभर सारखीच येतात. 'ती निघून का जात नाही?' हे विचारलं की मात्र लॅटिनो स्थलांतरित बाईचं उत्तर वेगळं येतं. आणि ते उत्तर संस्कृतीच्या पुस्तकात नसतं, कागदपत्रांच्या फाइलमध्ये असतं.

समजा बाई नवऱ्याच्या जिवावर ग्रीन कार्डसाठी पात्र आहे. अर्ज कुणी भरायचा? नवऱ्याने. नाही भरला तर? ती बेकायदा. १९८६ च्या कायद्याने यात भर घातली. नव्या लग्नावर मिळालेलं ग्रीन कार्ड दोन वर्षांसाठी सशर्त झालं, आणि ती अट काढायचा अर्ज नवरा-बायकोने मिळून करायचा. म्हणजे दोन वर्षं मार खा आणि मग त्याच माणसाची सही माग! १९९० मध्ये यातून थोडी सुटका मिळाली. १९९४ साली 'व्हायोलन्स अगेन्स्ट विमेन अॅक्ट' आला आणि नागरिक किंवा ग्रीन कार्डवाल्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला स्वतःचा अर्ज स्वतः करायची, तोही नवऱ्याला न कळवता, मुभा मिळाली. आणि नवऱ्याकडेच कागद नसतील तर? त्यासाठी २००० साली 'यू व्हिसा' निघाला. त्याचे नियम यायला २००७ उजाडलं, वर्षाला दहा हजारांची मर्यादा, रांग कित्येक वर्षांची, आणि अर्जासोबत पोलिसांसारख्या यंत्रणेची सही लागते, की ही बाई तपासात मदत करतेय. म्हणजे परत पोलिसांकडेच जायचं.

आणि पोलीस म्हटलं की गाडी अडते. 'पोलिसांना फोन केलास तर तुला हाकलून देतील, मुलं इथेच राहतील', हे वाक्य मारणाऱ्याच्या हातातलं सगळ्यात स्वस्त हत्यार आहे. मुलं इथे जन्मलेली, म्हणून अमेरिकन. आई नाही. फोन केलाच तरी दारात आलेल्या पोलिसाला इंग्रजीत सांगणार कोण? अनेकदा नवराच. नाहीतर आठ-दहा वर्षांचं पोर. आईला बाबांनी कुठे मारलं हे त्या पोराने भाषांतर करून सांगायचं. ग्वाटेमालाहून आलेल्या कितीतरी बायकांची भाषा तर स्पॅनिशही नसते, माम किंवा किचे अशी माया भाषा असते. त्यांच्यासाठी स्पॅनिश दुभाषाही बिनकामाचा.

ही भीती काल्पनिक नाही. २०१७ च्या पहिल्या तीन महिन्यांत ह्यूस्टनमध्ये हिस्पॅनिक लोकांनी नोंदवलेल्या बलात्काराच्या तक्रारी आधीच्या वर्षापेक्षा ४२.८ टक्क्यांनी घटल्याचं तिथल्या पोलीस प्रमुखांनी जाहीर केलं. बाकीच्यांच्या तक्रारी त्याच काळात वाढल्या होत्या. लॉस एंजेलिसच्या पोलीस प्रमुखांनीही त्याच सुमारास सांगितलं की लॅटिनो लोकांच्या घरगुती हिंसेच्या तक्रारी सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्या आहेत. त्याच वर्षी एल पासोमध्ये, संरक्षणाचा आदेश मागायला आलेल्या व्यक्तीलाच इमिग्रेशनवाल्यांनी कोर्टाच्या इमारतीत पकडलं होतं. मारहाण अचानक कमी झाली असेल असं कुणाला वाटतं का? कमी झाले ते फोन. आणि हे चक्र परत फिरलंय. शाळा, दवाखाने, चर्च आणि मार खाणाऱ्या बायकांची आश्रयगृहं अशा ठिकाणी सहसा धरपकड करू नये, असा २०२१ चा आदेश होता. जानेवारी २०२५ मध्ये तो रद्द झाला. आता अशा बाईच्या गप्प बसण्याला 'मारियानिस्मो' म्हणायचं का? मला तरी तो साधा व्यवहारी हिशोब वाटतो.

संस्कृतीचा काहीच संबंध नाही असं मी म्हणत नाही. संबंध आहे, पण तो दोन्ही बाजूंनी आहे. घरची अब्रू जपायला लावणारं तेच नातेगोतं रात्री अकरा वाजता दार उघडतं, मुलांना ठेवून घेतं. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये १९८२ साली लॅटिना बायकांनी 'कासा दे एस्पेरान्सा' हे आश्रयगृह सुरू केलं, ते आज 'एस्पेरान्सा युनायटेड' या नावाने देशभर काम करतं. आणि २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसेच्या विरोधातला आंतरराष्ट्रीय दिवस कुठून आला माहितीये? १९६० साली त्या तारखेला डॉमिनिकन रिपब्लिकच्या हुकूमशहाने मिराबाल भगिनींची हत्या घडवून आणली. १९८१ मध्ये बोगोटाला जमलेल्या लॅटिन अमेरिकन स्त्रीवाद्यांनी तो दिवस ठरवला, युनोने तो स्वीकारला १९९९ मध्ये. साओ पावलोत फक्त बायकांसाठीचं पोलीस ठाणं १९८५ लाच उघडलं होतं. १९९४ मध्ये ब्राझीलच्या बेलेम शहरात अमेरिका खंडातल्या देशांचा स्त्रियांवरील हिंसेविरुद्धचा करार झाला. लॅटिन अमेरिकेतल्या बहुतेक सगळ्या देशांनी तो मान्य केला. अमेरिकेने अजून केलेला नाही! हेही त्यांचं कल्चरच आहे की. ते मात्र आपल्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचत नाही.

आता थोडं आपल्याबद्दल. वर सांगितलेल्या २०१० च्या सर्व्हेत आशियाई बायकांचं प्रमाण फक्त १९.६ टक्के आहे. वाचून कॉलर ताठ करायच्या आधी एक गोष्ट लक्षात घ्या. तो सर्व्हे फोनवरून, इंग्रजी आणि स्पॅनिश या दोनच भाषांत झाला होता. जी बाई मराठी, तेलुगू किंवा पंजाबीतच मनातलं बोलू शकते, ती त्यात आलीच नाही.

आणि आपल्या बायका तिथे जातात कशावर? एच-फोरवर. कागद नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. घटस्फोट झाला की व्हिसा गेला. २०१५ पर्यंत एच-फोरवर नोकरीच करता येत नव्हती, त्यानंतरही फक्त ज्यांच्या नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ठराविक टप्प्यापर्यंत पोचलाय त्यांनाच. कामाचा परवाना नाही तर सोशल सिक्युरिटी नंबर नाही. घरी इंजिनिअर असलेली मुलगी तिथे दुधाच्या कॅनसाठीही नवऱ्याच्या कार्डावर अवलंबून. मार खाणाऱ्या एच-फोर बायकांना कामाचा परवाना द्यायची तरतूद २००५ च्या दुरुस्तीत झाली, पण त्यासाठीचा फॉर्म यायला २०१७ साल उजाडलं. न्यू जर्सीत 'मानवी' १९८५ पासून आणि बे एरियात 'मैत्री' १९९१ पासून दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करतायत, ती काही हौस म्हणून नव्हे. ग्वाटेमालाहून रानावनातून आलेली बाई आणि पुण्याहून विमानाने गेलेली बाई यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण नवऱ्याने फाइल कपाटात घालून कुलूप लावलं की दोघी एकाच दारात अडकतात.

'कल्चर' म्हणण्यात खरी गोम हीच आहे. तो शब्द उच्चारला की कुणालाच काही करावं लागत नाही. मारणाऱ्याला निमित्त मिळतं, सरकार सुटतं, शेजारी सुटतो, आणि आपण 'आमच्यात असं नसतं' म्हणून सुटतो. त्याऐवजी साधे प्रश्न विचारावेत. पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहे? बँकेच्या खात्यावर तिचं नाव आहे का? गाडी चालवता येते का? तिच्या भाषेत बोलणारं, नवऱ्याच्या ओळखीबाहेरचं, एक तरी माणूस तिच्याजवळ आहे का? या प्रश्नांची उत्तरं बदलता येतात.

या वर्षी माझे दोन मित्र लग्न करून बायकोसह ऑनसाईट निघालेत. दोघंही सज्जन आहेत, माझी खात्री आहे. तरी त्यांना चहा-मसाल्याच्या यादीबरोबर मी हे चार प्रश्नही पाठवणार आहे. आणि पुढची टीप अशी की उत्तरं आपण नाही, बायकोने द्यायची.