मेंदू नाही, तरी वाट सापडली!

"पेशी म्हणजे प्रोग्रॅम आणि डीएनए म्हणजे त्याचा कोड, बस्स!" असं आमच्या मेसच्या टेबलावर कधीच ठरून गेलंय. मला हे पटत नाही.

फायसारम नावाचा एक पिवळा, चिकट जीव आहे. केंद्रकं असंख्य, पण पेशी एकच. मेंदू तर नाहीच. २००० साली जपानमध्ये नाकागाकी यांनी तो चक्रव्यूहात पसरवला आणि दोन टोकांना ओटचं खाद्य ठेवलं. बंद बोळांतून त्याने अंग काढून घेतलं. शेवटी जवळच्या वाटेवर एक जाड नळी तेवढी उरली. २००८ साली तर त्याला ठरावीक अंतराने तीनदा गार, कोरडी हवा दिली. दर वेळी तो मंदावला. चौथ्यांदा काहीच दिलं नाही, तरी बरेचदा तो नेमक्या वेळी मंदावला!

कोडवाले म्हणतील, ज्या नळीत प्रवाह जास्त ती जाड होते, कमी असेल ती आटते. हा नियमच आहे. मान्य. पण त्या चक्रव्यूहाचा नकाशा डीएनएमध्ये कुठे होता? नियम आतला, उत्तर मात्र त्याने जागेवर काढलं. आपल्या मेंदूतल्या पेशी तरी दुसरं काय करतात? मी याला बुद्धीच म्हणणार. सबमिशनच्या आदल्या रात्री शेजारच्या रूममधून जर्नल आणून आपण उतरवतो, ती सोयसुद्धा त्या बिचाऱ्याला नव्हती!