रजा नाताळची, बाजार बंद

डिसेंबरची वीस तारीख उलटली की महापेतल्या मिलेनियम बिझनेस पार्कमध्ये गाडी लावायला सहज जागा मिळू लागते. अमेरिका-युरोपातले क्लायंट सुट्टीवर गेलेले असतात, नवं काही लाइव्ह करायचं नाही असा फ्रीझ लागलेला असतो, आणि वर्षभर ‘आत्ता नको, रिलीज आहे’ म्हणणारे मॅनेजर अडवून ठेवलेल्या रजा एका झटक्यात मंजूर करून टाकतात. दिवाळीत मात्र याच माणसांना पाडव्याच्या संध्याकाळी लॅपटॉप उघडून कॉलवर बसावं लागतं. तिकडे तो साधा कामाचा दिवस असतो. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आयटीवाल्या मराठी घराची मोठी सुट्टी आता लक्ष्मीपूजन नव्हे, नाताळ ठरवतो. मग सुट्टी मिळालीच आहे तर तो सण जिथला आहे तिथेच जाऊन पाहू, असं म्हणत ऐरोली-घणसोली-कोपरखैरण्यातली कुटुंबं दोन लहान मुलं आणि चार बॅगा घेऊन व्हिएन्ना, म्युनिक नाहीतर पॅरिस गाठतात.

घोळ इथेच आहे. त्या सणामुळे महापेत ज्या तारखांना रजा मिळते, नेमक्या त्याच तारखांना तो सण तिथल्या रस्त्यावरून उठून घरात गेलेला असतो.

इन्स्टाग्रामवर वर्षभर आधीपासून मोह घालणारे लाकडी स्टॉल, दिव्यांच्या माळा, भाजलेल्या चेस्टनटचा धूर हे सगळं नाताळच्या आधीच्या चार आठवड्यांचं, म्हणजे अॅडव्हेंटचं वैभव. न्यूरेंबर्गचा प्रसिद्ध बाजार अॅडव्हेंटच्या पहिल्या रविवारआधीच्या शुक्रवारी उघडतो आणि 24 डिसेंबरला आवरतो. ड्रेस्डेनचा स्ट्रीत्सलमार्क्ट 1434 पासूनचा. तोही 24 लाच संपतो. म्युनिकच्या मारिएनप्लात्झवर तर त्या दिवशी दुपारीच स्टॉलच्या फळ्या लागतात. 24 ची संध्याकाळ कुटुंबाची. ऑस्ट्रियात आणि दक्षिण जर्मनीत मुलांच्या भेटवस्तू त्याच रात्री झाडाखाली येतात, आणि त्या आणणारा सांता नसतो, क्रिस्टकिंड म्हणजे बाळ येशू असतो. पुढे 25 आणि 26 दोन्ही दिवस सार्वजनिक सुट्टी, दुकानं बंद. 2026 मध्ये 25 डिसेंबर शुक्रवारी येतो. शुक्रवार-शनिवार सणाचे, त्याला लागून रविवार, आणि जर्मनीत रविवारी दुकानं कायद्यानेच बंद. सलग तीन दिवस दूध-ब्रेडसाठी मोठ्या रेल्वे स्थानकातलं एखादं दुकान शोधायची वेळ. लंडनला 25 तारखेला ट्यूब, बस, रेल्वे काहीच धावत नाही. पॅरिसमध्ये आयफेल टॉवर चालू असतो, लूव्र बंद.

याचा दोष त्या शहरांना देता येत नाही. एखादं जर्मन कुटुंब लक्ष्मीपूजनाच्या रात्री घणसोलीत येऊन उतरलं तर त्याला निदान कंदील, रांगोळ्या आणि फटाके रस्त्यावर दिसतील, आणि शेजारचं कोणीतरी फराळाचं ताट आणून देईल. 24 च्या रात्री व्हिएन्नातल्या निवासी गल्लीत खिडकीतलं झाड तेवढं दिसतं. ते पाहून चार वर्षांचं मूल ‘आपण आत कधी जायचं?’ असं विचारणारच.

मुलांच्या बाजूने हिशेब मांडला तर आणखी गोष्टी उघड्या पडतात. हिवाळ्यात युरोपच्या मध्यभागातली वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. शाळेच्या बससाठी साडेसहाला उठणारं मूल तिथे पहिले काही दिवस पहाटे दोनला टक्क जागं होतं, आणि इथल्या रात्री नऊच्या सवयीने तिथे दुपारी साडेचारलाच खांद्यावर मान टाकतं. व्हिएन्नात नाताळच्या दिवशी सूर्य चारच्या सुमारास मावळतो. उजेड जेमतेम साडेआठ तास. दिवे लागून बाजार खुलतो आणि त्याच सुमारास मुलाची झोपेची वेळ होते. हा पेच कुठल्याच पॅकेजच्या पत्रकात छापलेला नसतो.

मराठी माणसाच्या मनातली युरोपची सहल घडली ती मे महिन्यात. 1984 मध्ये केसरी टूर्स सुरू झाली, 2013 मध्ये वीणा वर्ल्ड आली. या कंपन्यांनी हजारो मराठी घरांना बिनधास्त परदेशी नेलं, हे श्रेय त्यांचंच. पण ‘एक बस, अनेक देश’ हा साचा उन्हाळ्यातल्या, रात्री नऊपर्यंत उजेड असणाऱ्या दिवसांचा. त्याहून मागे गेलं तर पुलंची ‘अपूर्वाई’ आहेच. तीही दोन मोठ्या माणसांची सफर होती, त्यात कोणाला शू आली म्हणून म्युझियमची रांग सोडावी लागली नव्हती. तोच साचा डिसेंबरात, स्ट्रोलर ढकलत, दगडी फरसबंदीवर वापरायचा म्हणजे आठ दिवसांत तीन देश आणि रोज बॅगा भरणं. आईबाप दमतात, मुलं आजारी पडतात, आणि फोटोत सगळे हसत असतात.

म्हणून एक शहर, सहा-सात मुक्काम, आणि रोज उजेडात एकच मोठी गोष्ट. यापेक्षा वेगळा सल्ला देणाऱ्याने एकदा तरी उणे दोन तापमानात मुलाचे हातमोजे तिसऱ्यांदा शोधून पाहावेत.

रजा 22 तारखेनंतरचीच मिळणार असेल तर शहर तरी त्या तारखांकडे पाहून निवडावं. व्हिएन्ना त्या दृष्टीने सोयीचं आहे. तिथल्या राटहाउससमोरचा बाजार 26 पर्यंत चालतो, शोनब्रुन राजवाड्यासमोरचा नववर्षानंतरही काही दिवस असतो. राजवाड्याच्याच आवारातलं प्राणिसंग्रहालय 1752 चं, जगातलं सर्वांत जुनं चालू प्राणिसंग्रहालय, आणि ते वर्षाचे 365 दिवस उघडं असतं. नाताळच्या दिवशी मुलांना घेऊन जायला याहून चांगली जागा सापडणं कठीण. ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संग्रहालयांत 19 वर्षांखालच्यांना तिकीट नाही, त्यामुळे डायनोसॉरचा सांगाडा पाहून अर्ध्या तासात बाहेर पडलं तरी जीव हळहळत नाही. बाजारात मोठ्यांसाठी गरम वाइन असते, तशी मुलांसाठी बिनदारूची गरम ‘किंडरपुन्श’ मिळते. कपाचे अनामत पैसे आधी घेतात आणि कप परत दिला की देतात. मुलं तो कप घरी न्यायचा हट्ट धरतात आणि बहुतेक वेळा जिंकतात. प्रागच्या जुन्या शहरातला बाजार सहसा 6 जानेवारीपर्यंत असतो.

आणि खरोखर रस्त्यावरचा, मुलांसाठीचा सण पाहायचा असेल तर स्पेनचा विचार करावा. तिथे मुलांना भेटी आणतात ते तीन राजे, 6 जानेवारीला. आदल्या संध्याकाळी माद्रिद, बार्सिलोनासह गावोगावी त्यांच्या मिरवणुका निघतात आणि रथांवरून मुलांवर गोळ्या-चॉकलेटं उधळली जातात. थंडीही मध्य युरोपापेक्षा सुसह्य. शाळेचे तीन-चार दिवस बुडतील. पहिली-दुसरीत ते बुडाले तर आभाळ कोसळत नाही.

सामानाबद्दल एकच गोष्ट, कारण बॅग भरताना हमखास तिथे चूक होते. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. तान्ह्या बाळाची दूध पावडर ठरावीक मर्यादेत चालते. आजीने दिलेलं घरचं तूप आणि पेढे चालत नाहीत. मेतकूट, पोहे, तांदूळ आणि छोटा कुकर एवढ्यावर मुलांची रात्रीची जेवणं निभतात.

पैशांचं गणितही तारखांशीच जोडलेलं आहे. जून 2024 पासून शेंगेन व्हिसाचं शुल्क मोठ्यांना 90 युरो, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 45, सहाच्या आतल्यांना माफ. आईबाप, सात वर्षांची मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा अशा घराला नुसत्या शुल्काचे 225 युरो, शिवाय केंद्राचा सेवाआकार आणि किमान 30,000 युरोचं वैद्यकीय विमाकवच. 2025 मध्ये युरोने शंभर रुपये ओलांडले, हे धरून गुणाकार करावा. एवढा खर्च करून बंद दुकानांच्या काचा पाहायच्या, तर तक्रार रास्तच म्हणायची.

नाताळ घरात कसा साजरा होतो हे मुलांना दाखवायचं असेल तर त्यासाठी पासपोर्ट लागत नाही. घोडबंदर रस्त्याने वसई गाठली की मराठीतून मिस्सा होणारी चर्च आहेत, अंगणात येशूजन्माच्या गोठ्याचे देखावे आहेत, आणि ऑफिसातल्या एखाद्या डिसोझा नाहीतर लोपीसचं घर आहे, जिथे आत बोलावतात. याने व्हिएन्नाची हौस फिटणार नाही, आणि फिटावी असाही आग्रह नाही. पण खिडकीतल्या झाडापलीकडे काय चालतं, ते मुलांना इथे कळेल.

खरा उपाय दोन टेबलांवर आहे. पहिलं शाळेचं. महाराष्ट्रात शाळांच्या वर्षाच्या सुट्ट्या 76 दिवसांपेक्षा जास्त होता कामा नयेत, पण त्या मर्यादेत दिवाळी-उन्हाळ्याच्या लांब सुट्टीतले काही दिवस कापून गणपतीला किंवा नाताळला देण्याची मुभा आहे. ही मुभा पालकसभेत बोलायची गोष्ट आहे. तिथे सहसा गणवेश आणि बसभाड्याचीच चर्चा होते. दुसरं टेबल कंपनीचं. लहान मुलं असलेल्या कर्मचाऱ्याला डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आठ दिवस सोडलं आणि फ्रीझच्या काळात त्याच्याकडून सपोर्टची पाळी घेतली, तर कंपनीचं काय अडतं? उलट 24 ते 31 दरम्यान सपोर्टला बसायला तयार असलेला माणूस सापडतो, जो एरवी चिठ्ठ्या टाकून पकडावा लागतो. शिवाय त्या पहिल्या पंधरवड्यात बाजार भरात असतात, विमानांची गर्दीही नाताळच्या आठवड्यापेक्षा कमी, आणि 6 डिसेंबरला मुलांच्या बुटांत खाऊ ठेवून जाणारा सेंट निकोलस पदरात पडतो तो वेगळाच.

शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि अर्जासोबत कंपनीचं रजेचं पत्र जोडावं लागतं. डिसेंबरच्या सुरुवातीला निघायचं तर ती रजा गणपतीच्या आसपासच मागून ठेवायला हवी. नोव्हेंबरात मागणाऱ्याला 22 नंतरचेच दिवस मिळतील.