विमान कंपन्यांना वटाव द्या, पण हिशेब उघडा ठेवा

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची विमानसेवा सुरू झाली. बहात्तर आसनांचे विमान आणि सुरुवातीला आठवड्यातून तीन फेऱ्या. वाशीम जिल्ह्यात विमानतळ नाही. अकोल्याच्या शिवणी विमानतळाची धावपट्टी तोकडी, आणि ती वाढविण्याचे काम वर्षानुवर्षे रखडत आलेले. त्यामुळे कारंजा-मानोऱ्याचा माणूस आता बेलोऱ्याकडे पाहतो, वाशीम-रिसोडचा नांदेडकडे, आणि हजला जाणारा नागपूरकडे.

काही व्यापारी बांधव म्हणतील, आपला कपडा काही विमानाने येत नाही. सुरत, भिवंडी, इचलकरंजीच्या गाठी ट्रकनेच येतात, मग या विषयाशी आपले काय देणेघेणे? आमचे म्हणणे असे की देणेघेणे आहे. विमान कंपन्यांना ज्या सवलती दिल्या जातात, त्या सरकारी तिजोरीतून आणि प्रवाशांच्या तिकिटातून जातात. आमची मुले रोजगारासाठी आखाती देशांत जातात. आमचे बुजुर्ग आयुष्यभराची पुंजी जमवून हजला जातात. तेव्हा हा हिशेब आम्हीही समजून घेतला पाहिजे.

विमानतळ हा एक बाजार आहे असे समजा. विमान उतरले की त्याच्या वजनाप्रमाणे उतरणावळ द्यावी लागते. थांबले की तासांप्रमाणे पार्किंगचे भाडे. प्रवाशाच्या तिकिटात विमानतळाचे वेगळे शुल्क असते. इंधनावर राज्याचा कर असतो तो निराळाच. मुंबई, पुणे आणि रायगडमध्ये हा कर पूर्वी २५ टक्के होता, तो १८ टक्के करण्याची घोषणा राज्याच्या २०२३ च्या अर्थसंकल्पात झाली. लहान गावी गिऱ्हाईक कमी, म्हणून कंपनी तेथे यायला तयार होत नाही. तिला आणण्यासाठी जी सूट दिली जाते, तिलाच प्रोत्साहन योजना म्हणतात.

केंद्र सरकारची 'उडान' ही अशीच योजना. तिच्यात विमानाच्या ठरावीक जागा स्वस्त ठेवायच्या. योजना सुरू झाली तेव्हा तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा होती. त्या बदल्यात उतरणावळ व पार्किंग माफ, लहान विमानतळावरच्या इंधनावर राज्याचा कर एक टक्का किंवा त्याहून कमी, आणि वर तीन वर्षांपर्यंत रोख तूटभरपाई. ही भरपाई मोठ्या मार्गांवरील विमानांवर लावलेल्या आकारातून येते आणि साधारणपणे वीस टक्के वाटा राज्य सरकार उचलते.

योजनेला आमचा विरोध नाही. नवे गिऱ्हाईक जोडायचे तर वटाव द्यावा लागतो, हे कपडा व्यापाऱ्याला कोणी शिकवायला नको. पण या धंद्यात आम्ही दुसरीही गोष्ट पाहिली आहे. मिल स्कीम काढते, घाऊकवाला ती घेतो, किरकोळ दुकानदारापर्यंत निम्मी पोहोचते आणि साडी घेणाऱ्या बाईला तोच जुना भाव लागतो. स्कीम संपली की मालही येईनासा होतो.

उडानचे बऱ्याच ठिकाणी असेच झाले. नांदेड-हैदराबाद हा तर योजनेच्या अगदी पहिल्या मार्गांपैकी एक. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी त्याला हिरवा झेंडा दाखविला. २०२२ मध्ये ती सेवा देणारी कंपनीच बंद पडली आणि २०२४ मध्ये दुसरी कंपनी नांदेडला आली. महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल सांगतो की योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यांतील ४०३ मार्गांवर विमान उडालेच नाही. ३७१ मार्ग सुरू झाले, पण ११२ मार्गांनीच तीन वर्षे पुरी केली. मार्च २०२३ पर्यंत सवलत संपल्यावरही टिकलेले मार्ग होते अवघे ५४. शंभर दुकाने मांडून सात चालली, तर कोणता व्यापारी त्याला बरकत म्हणेल?

आता हजकडे या. हजच्या सबसिडीवरून मुसलमानांना कित्येक वर्षे टोमणे ऐकावे लागले. ती रक्कम हाजीच्या हातात कधी पडली नाही. विमानभाड्यापोटी ती विमान कंपनीकडे जात होती. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ती दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने बंद करण्यास सांगितले आणि सरकारने २०१८ मध्येच बंद केली. आमच्या समाजातील अनेकांनी या निर्णयाचे स्वागत केले. पण २०२३ च्या हजला औरंगाबादहून जाणाऱ्यास मुंबईपेक्षा सुमारे ८८ हजार रुपये आणि नागपूरहून जाणाऱ्यास साठ हजारांहून अधिक रुपये जादा पडले. विदर्भ-मराठवाड्याच्या हाजीने हा भुर्दंड का सोसावा?

विमानतळाचे शुल्क माफ केल्याने हा सारा फरक मिटेल, असे आम्ही म्हणत नाही. हाजींना सोडून विमान रिकामे परत येते, लहान ठिकाणी हाजी कमी आणि बोली लावणाऱ्या कंपन्याही कमी, ही मोठी कारणे आहेत. पण कंपन्यांना लहान ठिकाणी आणण्यासाठीच तर प्रोत्साहन योजना असतात. देशांतर्गत मार्गासाठी जी उतरणावळ माफ होऊ शकते, ती हजच्या दिवसांत नागपूर आणि औरंगाबादला का होऊ नये? ही खैरात नव्हे. जो नियम इतरांना, तोच हाजीला.

परदेशातही हा वाद झाला आहे. बेल्जियममधील शार्लरुआ विमानतळाने रायनएअर कंपनीला मोठी सूट दिली होती. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये त्यातील काही सवलती बेकायदा ठरवून रक्कम परत मागितली. २००८ मध्ये न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. कारण असे की, फायदा पाहणाऱ्या खासगी मालकाने ही सूट दिली असती काय, हे आयोगाने नीट तपासलेच नव्हते. आमच्या मते हीच कसोटी रास्त आहे. स्वतःच्या गल्ल्यातून जो वटाव आपण देणार नाही, तो जनतेच्या गल्ल्यातून देऊ नये.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक मार्गाला किती रक्कम दिली, किती फेऱ्या ठरल्या, किती झाल्या आणि स्वस्त जागा किती विकल्या, याचा हिशेब दरवर्षी विमानतळावर मराठीत लावावा. सवलत दरसाल थोडी थोडी कमी व्हावी, म्हणजे कंपनीला स्वतःच्या पायावर उभे राहण्याची सवय लागेल. आणि हजच्या विमानांना जी माफी मिळेल, ती हाजीच्या भाड्यात वजा झालेली वेगळी दाखवावी.

आमच्यावरही जबाबदारी आहे. सवलत संपल्यावर विमान टिकते ते प्रवाशांवर. वाशीम, रिसोड, कारंजा, मंगरूळपीर, मालेगाव आणि मानोऱ्याच्या व्यापारी मंडळांनी एक वही घालावी. ईद-दिवाळी आणि लगीनसराईच्या खरेदीला मुंबईस किती जण जातात, आखातातून सुटीवर किती मुले येतात, हजला किती जातात, हे महिन्यागणिक लिहून काढावे. ही वही घेऊन बेलोऱ्याचा विमानतळ चालविणाऱ्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे आणि आपल्या खासदार-आमदारांकडे जावे. सवलतीचा पैसा जनतेची अमानत आहे. तिचा हिशेब मागायचा तर आपला आकडा आपल्या हातात असला पाहिजे.