तिसऱ्याला दिलेलं मत पाण्यात जातं का?

आज खालच्या पट्टीतल्या आडसाल उसाची भरणी उरकली. खत कुठलं आणि किती टाकलं ते उद्याच्या नोंदीत लिहितो. या पानावर राजकारण लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आमच्या भागात ऊसबिल आणि मत या दोन गोष्टी वेगळ्या राहत नाहीत, म्हणून आज एकदा लिहितो.

दुपारी बांधावर भाकरी खाताना चुलतभावाबरोबर वाद झाला. तो म्हणाला, "आण्णा, दोनच आघाड्या हायत. एक येणार न्हाईतर दुसरी. तिसऱ्याला मत म्हंजे पाटाचं पाणी वड्याला सोडल्यासारखं." तो मला आण्णा म्हणतो, पण राजकारणात माझं ऐकत नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं आहे असंही नाही.

आमच्या हातकणंगले लोकसभेचंच बघा. २०२४ ला पहिल्या आणि दुसऱ्या उमेदवारात फरक होता सुमारे साडेतेरा हजार मतांचा. तिसऱ्या नंबरला राजू शेट्टी होते, दोन्ही आघाड्या सोडून एकटे लढलेले. त्यांना पावणेदोन लाखांच्या वर मतं पडली. आपल्याकडं ज्याला सगळ्यात जास्त मतं तो खासदार, बाकीच्यांच्या मतांचा हिशेब तिथंच संपतो. त्यामुळं माणूस मतदान केंद्रावर जाताना मनात गणित करतो की आपला निवडून येणार नसेल, तर निदान नको असलेला तरी पडावा. अशानं मतं दोन ठिकाणी गोळा होतात आणि तिसरा वाळत जातो. यात मतदाराचा मूर्खपणा नाही. मोजणीची पद्धतच तशी आहे.

पण हे गणित करता करता आपल्याला दुसरी एक सवय लागते, निष्ठेची. ती मला महागात पडली.

माझ्या वडलांचा जो पक्ष तोच माझा. तीस वर्षं मी पोलिंग एजंट म्हणून बसलो, सतरंज्या उचलल्या, गाडीला झेंडा लावून फिरलो. थोरल्या मुलीचं लग्न ठरलं त्या साली कारखान्यानं ऊस नेला आणि बिल मात्र निघेना. ऊस नियंत्रण आदेश १९६६ चा आहे. त्यात लिहिलंय की ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे, नाही दिले तर १५ टक्क्यांनी व्याज. आमचे १४ दिवस गेले, दोन महिने गेले. मी खाजगी सावकाराकडून पैसे उचलून मांडव घातला. अध्यक्ष आमच्याच पक्षाचे. मी त्यांच्या दारात गेलो नाही, कारण आपल्या माणसाला अडचणीत कसं आणायचं?

पुढं वार्षिक सभा झाली. दुसऱ्या संघटनेचा एक पोरगा उठला आणि त्यानं विचारलं, उशिराच्या बिलाचं व्याज कुठाय? पुढच्या रांगेतून आम्ही ओरडलो, "मंजूर, मंजूर!" विषयपत्रिका पाच मिनिटांत संपली. त्या मंजूरमध्ये माझाही आवाज होता. तो पोरगा मागत होता ते व्याज माझ्याही हक्काचं होतं. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "व्याजाचं काय झालं?" मला सांगता आलं नाही.

कापूसवाल्या मित्रांना आणि कृषी सहाय्यकांना पुढचं लगेच कळेल. बीटी कपाशीच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. कडेनं लावा म्हणून सांगायचे. बहुतेकांनी ती लावली नाही, कारण त्या ओळी अळी खाणार, मग जागा वाया का घालवायची? पण त्या ओळींचं काम वेगळंच होतं. तिथं साधी अळी जगायची, तिचे पतंग बीटीला दाद न देणाऱ्या पतंगांशी जुळायचे आणि अळीची प्रतिकारशक्ती वाढायला वेळ लागायचा. ओळी गेल्या, सगळं रान एकच झालं. पुढं गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेना, हे आपण बघितलं.

तिसऱ्या पक्षाची मतं मला त्या कडेच्या ओळींसारखी वाटतात. त्यांचं पीक पदरात पडत नाही. पण ती नसली की मोठ्या दोघांना कुणाची भीती उरत नाही. एकदा का माझं मत हलणारच नाही हे पुढाऱ्याला कळलं, की तो माझ्या दारात कशाला येईल?

माझा भाचा अमेरिकेत आयोवा राज्यात असतो. तिथंही आपल्यासारखं सोयाबीन आणि मका. तिथं तर दोनच पक्ष, दीडशे वर्षांहून जास्त काळ. त्यानं सांगितलेली गोष्ट मी नंतर वाचूनही काढली. १८९२ साली कर्जानं, रेल्वेच्या भाड्यानं आणि पडलेल्या भावानं गांजलेल्या शेतकऱ्यांनी तिथं पीपल्स पार्टी नावाचा तिसरा पक्ष उभा केला. त्यांचे उमेदवार जेम्स वीव्हर आयोवाचेच. दहा लाखांच्या वर मतं पडली, चार राज्यं पूर्ण जिंकली. तरी हरले. १८९६ ला त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्याच उमेदवाराला, ब्रायन यांना, आपला उमेदवार केलं. ब्रायन हरले आणि तिसरा पक्षही विरघळून गेला. पण त्यांनी मागितलेल्या दोन गोष्टी, उत्पन्नावरचा कर आणि सिनेटरची थेट लोकांतून निवडणूक, १९१३ मध्ये त्यांच्या राज्यघटनेत आल्या. त्या मोठ्या पक्षांच्या हातून आल्या, पण पेरणी कुणी केली होती?

आपल्याकडचं ताजं उदाहरण एफआरपीचं. फेब्रुवारी २०२२ मध्ये महाविकास आघाडी सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायची मुभा देणारा आदेश काढला. त्याच वर्षी सरकार बदललं, महायुती आली, तरी तो आदेश राहिला. म्हणजे माझी निष्ठा इकडं असो की तिकडं, हप्ते दोनच. शेवटी मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला, आणि तिथं याचिका केली होती लोकसभा हरलेल्या शेट्टींनी. मी त्यांचा कार्यकर्ता नाही, कधी नव्हतो. पण जे झालं ते झालं म्हणायला पाहिजे.

आता तिसऱ्यांनाही दोन शब्द. ते धुतल्या तांदळासारखे आहेत असं मी म्हणत नाही. याच स्वाभिमानी पक्षानं २०१४ ला महायुतीबरोबर जागा जिंकली, २०१७ ला साथ सोडली, २०१९ ला काँग्रेस-राष्ट्रवादीबरोबर लढून हरला. प्रत्येक वेळी कारणं असतील. पण इकडून तिकडं गेलं की बांधावरचा माणूस म्हणतो, हे पण त्यातलेच. आणि थेट वरच्या फांदीवर उडी मारून चालत नाही. शेट्टी स्वतः २००२ ला जिल्हा परिषदेत, २००४ ला शिरोळ विधानसभेत आणि मग २००९ ला लोकसभेत गेले. लहान मतदारसंघात पाचशे हजार मतांनी चित्र फिरतं, तिथं तिसऱ्याला खरी संधी असते. निवडणुकीच्या आधी महिनाभर उगवणाऱ्या तिसऱ्याला मत द्या असं मी कुणाला सांगणार नाही.

चुलतभाऊ म्हणाला, "मग तू काय करणार?"

मी सांगितलं ते इथं लिहून ठेवतो, म्हणजे मागं फिरता येणार नाही. एक, पोलिंग एजंट म्हणून यापुढं बसणार नाही. दोन, सोसायटी, कारखाना, पंचायत समिती, जिल्हा परिषद या ठिकाणी आधी माणूस आणि त्याचं मागच्या पाच वर्षांतलं काम बघणार, चिन्ह नंतर. तीन, लोकसभा-विधानसभेला दोघांतल्या एकाला मत द्यायची वेळ आली तर देईन सुद्धा. पण देण्याआधी बिलाची तारीख, व्याज आणि वजनकाटा हे तीन प्रश्न चारचौघांत विचारीन. आपल्या माणसाला आधी विचारीन.

भाऊ म्हणाला, "तुझ्या एकट्यानं काय होतंय?" खरं आहे, एकट्यानं काही होत नाही. पण पुढच्या वार्षिक सभेत कुणी व्याजाचं विचारायला उठला, तर मंजूर म्हणून ओरडणाऱ्यांत एक आवाज कमी असेल. जमलं तर उठून उभा राहणारा एक जास्त असेल.

तुमच्या भागात बिलं किती दिवसांत मिळतात, व्याज कुणाला मिळालंय का, ते कळवा. पक्ष कुठला ते नाही सांगितलं तरी चालेल. उद्या भरणीच्या खताची नोंद टाकतो.