खाडी दारात, धडा वहीत

परीक्षा जवळ आली की आपल्या मोहल्ल्यातल्या स्टेशनरीच्या दुकानांत पर्यावरण प्रकल्पाची छापील चित्रे खपू लागतात. मुले ती कापून चिकटवतात, चार ओळी कुठूनतरी उतरवतात, गुण मिळतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली हा विषय शाळांत सक्तीने शिकवायला सांगितला, तो यासाठी खचितच नव्हे.

सलीम अली कसे शिकले ते आठवा. लहानपणी एअरगनने पाडलेल्या चिमणीच्या गळ्यावर त्यांना पिवळा डाग दिसला. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवले. तिथे मिलार्ड साहेबांनी पक्षी ओळखून दिला, शिवाय जतन केलेल्या पक्ष्यांचे खणच्या खण उघडून दाखवले. पुढे विद्यापीठाची पदवी नसतानाही हा माणूस भारताचा पक्षितज्ज्ञ झाला. हातात एक पक्षी होता आणि प्रश्न ऐकून घेणारी दोन मोठी माणसे होती, एवढ्यावर सुरुवात झाली.

मुंब्रा किंवा गोवंडीच्या मुलाला यासाठी लांबच्या सहलीची गरज नाही. (मुलींना सहलीला न पाठवणाऱ्या घरांचीही सबब यात संपते; अम्मीलाच सोबत न्या.) खाडी जवळच आहे. ओहोटीला तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली दिसतात. झाड त्यातून श्वास घेते. पानाला बोट लावा, मिठाचे कण हाताला लागतील. जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. आता चार पावलांचा चौकोन आखा आणि त्यातल्या मुळांना किती पिशव्या अडकल्यात ते मोजा. दर महिन्याला त्याच जागी मोजा, तारीख घालून फोटो काढा.

ही वही गुणांपुरती राहत नाही, म्हणून मी इतका आग्रह धरतो आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवन तोडण्यावर बंदी घातली. तरी रात्री डेब्रिजचे ट्रक रिकामे होतात, आणि भरतीचे पाणी शिरते ते आपल्याच वस्तीत. तक्रार करायला गेलेल्या पोराला अधिकारी पहिला प्रश्न विचारतो, पुरावा काय? सहा महिन्यांच्या नोंदी त्याच्या टेबलावर ठेवता आल्या, तर बोलणे वेगळे होते.

शिक्षकांनी एक तास द्यावा. ओहोटीची वेळ मोबाइलवर मिळते. जुने बूट घाला, एकट्याने चिखलात उतरू नका.