पाच वाजायच्या आत

आमची लेक साडेतीन वर्षांची. तिची आजी साताऱ्याला. नात भेटते ती फोटोतच, म्हणून आजी प्रत्येक फोटो दोन बोटांनी मोठा करून बघते. गेल्या डिसेंबरात कोलकात्याच्या मैदानावर काढलेले चाळीस फोटो पाठवले, तर उत्तर आलं, "पोरगी कुठली नि फुगा कुठला, कळेना."

फोनमध्ये दोष नव्हता, आमच्या घड्याळात होता. पुण्याहून इथे आलो तरी संध्याकाळचा अंदाज पुण्याचाच राहिला. डिसेंबरात पुण्यात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, इथे पाचच्याही आधी. आम्ही चहाबिहा उरकून सव्वापाचला मैदानावर!

उजेड कमी पडला की फोन प्रत्येक फोटोला जास्त वेळ घेतो. पळणारं मूल सेकंदाला दोन मीटर सहज जातं. शटरचा वेग १/५० असेल तर तेवढ्या वेळात ते चार सेंटिमीटर सरकतं, म्हणजे नाक गालावर. १/१००० ठेवला तर दोनच मिलिमीटर. नाइट मोड तर बंदच करा. त्यात फोन बरेच फोटो घेऊन एकमेकांत मिसळतो; व्हिक्टोरिया मेमोरियल छान येतं, कारण ते पळत नाही. एकोणिसाव्या शतकात स्टुडिओत तान्ह्या बाळाला हलू न देण्यासाठी आया कापडाखाली लपून त्याला धरून बसत. ती वेळ आपल्यावर कशाला?

आता आम्ही हिवाळ्यात साडेतीनलाच निघतो. फोनमध्ये प्रो मोड असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून वेगवान ठेवा. फोटो थोडा दाणेदार आला तरी चालेल, फिसकटलेला नको. मूल जिथून जाणार त्या जागेवर आधीच बोट दाबून फोकस पक्का करा आणि ते तिथे पोचलं की टिपा. झोपाळा अगदी वर गेला की क्षणभर थांबतो, तो क्षण सोडू नका. बटण दाबून धरल्यावर तुमच्या फोनवर फोटोंची मालिका येते की व्हिडिओ सुरू होतो, हे घरीच बघून ठेवा. झूम करू नका, चार पावलं पुढे जा. घरात असाल तर खेळ खिडकीजवळ मांडा.

आणखी एक, खास इथल्या दमट हवेसाठी. एसी गाडीतून उतरल्यावर लेन्सवर वाफ धरते. दोन मिनिटं थांबा, सुती कापडाने पुसा. (लेकीच्या बोटांचे ठसेही तिथेच असतात.)

परवाच्या रविवारी चार वाजताचे सहाच फोटो पाठवले. पाच मिनिटांत आजीचा फोन, "गुडघ्याला काय लागलंय तिच्या? हळद लावलीस का?"